नस्तीवरची सही



मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायऱ्यांवर चपला शोधत होतो. तेवढ्यात वस्तीतल्या एक मावशी पदर सावरत पुढे आल्या. हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते, घडी घालून घालून मऊ पडलेले. म्हणाल्या, "भाऊ, एवढं वाचून सांगा. आमच्या गल्लीतला पोरगा धरून नेला, त्याला वर्ष होत आलं. आता पेपरात आलंय की सरकारनं खटल्याला मंजुरी दिली. म्हणजे त्याचा गुन्हा शाबीत झाला ना?"

आम्ही म्हटले, "नाही मावशी. मंजुरी म्हणजे शिक्षा नव्हे. अजून खटला सुरू व्हायचा आहे."

मावशी गप्प झाल्या. मग हळू आवाजात बोलल्या, "गल्लीतल्या बायका त्याच्या आईकडं जाईनात. बहिणीचं जमलेलं लग्न मोडलं. नळावर तिची घागर आली की बाकीच्या बाजूला सरकून उभ्या राहतात. मीसुद्धा गेले नाही तिच्याकडं, खोटं कशाला बोलू? पण मंजुरी म्हणजे शिक्षा नसेल तर मग ती असते तरी काय? आणि देतं कोण? कोर्ट, पोलीस की मंत्री?"

त्या मुलाने काही केले आहे की नाही, हे आम्हाला ठाऊक नाही. ते न्यायालय ठरवील. परंतु मावशींच्या प्रश्नाला आम्हाला तिथे उभ्या उभ्या नीट उत्तर देता आले नाही, याची मात्र लाज वाटली. आम्ही वर्षानुवर्षे लेखणी चालवतो, संविधानावर भाषणे देतो, आणि सरकारच्या टेबलावर अशा माणसाचा कागद कसा फिरतो हे एका माउलीला सांगता येऊ नये? म्हणून घरी येऊन कायदे काढले, न्यायालयांचे निकाल वाचले आणि मंत्रालयातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांबरोबर दोन संध्याकाळी बसलो. त्यातून जे समजले ते या वेळी वाचकांपुढे ठेवत आहोत.

कायद्यांची पिढी

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करू. दहशतवाद ही कल्पनेतली भीती नाही. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले तेव्हा १८० हून अधिक माणसे मेली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहत बसलेले तुमच्या-आमच्यासारखेच कष्टकरी होते. अशा कृत्यांना आवर घालणारा कायदा असू नये, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रश्न आहे तो कायदा राबवायचा कसा, हा.

आज ज्या कायद्याचे नाव सारखे कानावर येते तो बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजेच यूएपीए, १९६७ सालचा आहे. त्या वेळी त्यात दहशतवाद हा विषयच नव्हता. देशाचे तुकडे करू पाहणाऱ्या संघटनांवर बंदी घालण्यापुरता तो होता. १९७१ साली मिसा आला. आणीबाणीत त्याचा काय उपयोग झाला, हे जुन्या वाचकांना सांगायला नको. १९८० साली राष्ट्रीय सुरक्षा कायदा, म्हणजे रासुका आला. १९८५ साली टाडा आला. टाडाखाली देशभर सत्तर हजारांहून अधिक माणसे धरली गेली आणि शिक्षा झालेल्यांचे प्रमाण नगण्य राहिले. शेवटी १९९५ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष न्या. रंगनाथ मिश्र यांनी खासदारांना पत्र लिहून, या कायद्याला मुदतवाढ देऊ नका असे विनवले. त्याच वर्षी मे महिन्यात टाडा संपला. पुढे २००२ साली पोटा आला आणि २००४ साली तो रद्द झाला.

पण वाचकहो, पोटा गेला तेव्हा त्याची बरीचशी कलमे यूएपीएमध्ये येऊन बसली. मुंबईच्या हल्ल्यानंतर ३१ डिसेंबर २००८ पासून त्यात जामिनाची कडक अट आली आणि राष्ट्रीय तपास संस्था, म्हणजे एनआयए, स्थापण्याचा कायदाही त्याच दिवशी अमलात आला. २०१९ च्या दुरुस्तीने संघटनेबरोबर एकट्या माणसालाही दहशतवादी म्हणून घोषित करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला.

यात एक फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. टाडा आणि पोटा यांना मुदत होती. ती संपत आली की संसदेत चर्चा व्हायची, सरकारला हिशोब द्यावा लागायचा. यूएपीएला अशी मुदत नाही. म्हणजे आता रोजचा हिशोब घ्यायचा तर तो या कायद्याच्या कागदोपत्री अंमलबजावणीतच घ्यावा लागतो. म्हणून गृह खात्याचे टेबल समजून घेणे आपल्याला भाग आहे.

नाव यादीत जाते तेव्हा

दिल्लीत केंद्रीय गृह मंत्रालयात दहशतवाद आणि कट्टरतावाद यांविरुद्धच्या कामासाठी २०१७ सालापासून एक स्वतंत्र विभाग आहे. यूएपीए आणि एनआयए या दोन्ही कायद्यांचा कारभार तो पाहतो. राज्यांत हे काम राज्याच्या गृह विभागाकडे असते.

संघटनांवरील बंदीचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार बेकायदा संघटनेचा. सरकारने राजपत्रात कारणांसह अधिसूचना काढायची, ती ३० दिवसांच्या आत न्यायाधिकरणाकडे पाठवायची आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी दोन्ही बाजू ऐकून सहा महिन्यांत निर्णय द्यायचा. ही बंदी पूर्वी दोन वर्षांची असे, २०१३ पासून ती पाच वर्षांची झाली.

दुसरा प्रकार दहशतवादी संघटनेचा. तिचे नाव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जाते. व्यक्तीचे नाव चौथ्या अनुसूचीत जाते. येथे न्यायाधिकरण नाही. नाव काढून घ्यायचे असेल तर आधी केंद्र सरकारकडेच अर्ज करायचा. त्याने तो फेटाळला तर एका महिन्यात पुनर्विलोकन समितीकडे जायचे. या समितीचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असतात. ४ सप्टेंबर २०१९ रोजी चौथ्या अनुसूचीत पहिली चार नावे गेली: मसूद अझहर, हाफिज सईद, झकी-उर-रहमान लखवी आणि दाऊद इब्राहिम. या नावांसाठी कोणी हळहळणार नाही. पण पद्धत एकदा पडली की पुढच्या प्रत्येक नावाला तीच लागू होते, आणि तिच्यात माणसाचे नाव यादीत जाण्याआधी त्याचे म्हणणे ऐकण्याची सोय नाही.

महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यातही संघटनेला बेकायदा ठरवणारी अधिसूचना आणि ती तपासणारे सल्लागार मंडळ अशी रचना आहे. विधेयक संयुक्त समितीपुढे होते तेव्हा लोकांकडून बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. लोक कागद वाचू लागले आहेत, ही त्यातली आशेची गोष्ट.

तपास कोणाचा?

आता माणसाच्या अटकेकडे येऊ. गुन्हा पोलीस ठाण्यात नोंदला जातो. तो एनआयएच्या कक्षेतला असेल तर ठाण्याचा अहवाल राज्य सरकारकडे जातो आणि राज्याकडून केंद्राकडे. केंद्राने १५ दिवसांत ठरवायचे की तपास एनआयएकडे द्यावा की राज्याकडेच ठेवावा. याशिवाय केंद्राला स्वतःहून तपास उचलण्याचाही अधिकार आहे. १ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावला जे घडले त्यानंतरच्या एल्गार परिषद खटल्यात हेच झाले. पुणे पोलिसांकडचा तपास जानेवारी २०२० मध्ये केंद्राने एनआयएकडे दिला. या खटल्यात १६ जणांना अटक झाली. त्यांपैकी ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी खटला उभा राहण्याआधीच वारले. ते तेव्हाही कैदेतच होते, जामीन मिळाला नव्हता.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही दहशतवादी कृत्याचे कलम आहे, ते ११३ वे. एखादा गुन्हा या कलमाखाली नोंदवायचा की यूएपीएखाली, हे पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी ठरवतो. हा फरक लहान वाटेल. परंतु यूएपीएखाली गेले की मंजुरीचा आणि जामिनाचा वेगळा नियम लागतो. म्हणजे एका अधिकाऱ्याच्या लेखणीने माणसाचा रस्ता बदलतो.

साध्या खटल्यात पोलिसांनी ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र दिले नाही तर आरोपीला जामीन मागता येतो. यूएपीएखाली सरकारी वकिलाच्या अहवालावरून न्यायालय ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवू शकते. पुढे जामीन मागायचा, तर आरोप प्रथमदर्शनी खरे वाटतात असे न्यायालयाचे मत झाल्यास तो देता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने वटाली खटल्यात सांगितले की या टप्प्यावर पुराव्याची बारीक चिरफाड करायची नाही. २०२१ साली नजीब खटल्यात त्याच न्यायालयाने असेही सांगितले की खटला लवकर संपण्याची आशा नसेल आणि माणूस वर्षानुवर्षे आत असेल, तर घटनेने दिलेल्या हक्कासाठी न्यायालय जामीन देऊ शकते. खालची न्यायालये कधी या निकालाकडे पाहतात, कधी त्या.

मंजुरी म्हणजे काय?

आता मावशींचा प्रश्न. जामिनाचे दार इतके अरुंद केल्यावर माणसाला आत टाकणाऱ्या पोलिसांखेरीज आणखी कोणीतरी पुरावा पाहावा, अशी सोय कायद्याने ठेवली. कलम ४५ सांगते की सरकारच्या मंजुरीवाचून न्यायालयाने अशा खटल्याची दखलच घ्यायची नाही. २००८ साली त्यात आणखी एक पायरी आली. सरकारने एक प्राधिकारी नेमायचा. त्याने तपासातला पुरावा स्वतंत्रपणे तपासायचा आणि शिफारस करायची. ती विचारात घेऊन सरकारने मंजुरी द्यायची किंवा नाकारायची. नियमांप्रमाणे प्राधिकाऱ्याला कामकाजाचे सात दिवस आणि त्यानंतर सरकारला कामकाजाचे सात दिवस.

आमच्या स्नेह्यांनी नस्तीचा प्रवास समजावून सांगितला. ते गृह विभागात नव्हते, पण म्हणाले की मंत्रालयात नस्ती सगळीकडे साधारण एकाच वाटेने चालते. कागद आधी बारनिशीत येतो, त्याला क्रमांक पडतो. मग तो कार्यासनाकडे जातो. तिथे टिपणी लिहिली जाते. ती कक्ष अधिकाऱ्याकडून अवर सचिवाकडे, तिथून उपसचिवाकडे आणि मग वर. प्रत्येकाने वाचून आपला शेरा मारायचा. "पण साहेब," ते म्हणाले, "खाली टिपणी लिहिणाऱ्यानं मूळ कागद वाचले असतील तरच वरच्या सहीला अर्थ. त्यानं पोलिसांचाच मजकूर उतरवून काढला आणि वर सगळ्यांनी 'सहमत' म्हटलं, तर पाच सह्या होतात आणि वाचलेलं कोणीच नसतं."

हे त्यांचे अनुभवाचे बोल आम्ही नोंदवून ठेवले. पुढे एका निकालात त्याचेच प्रत्यंतर मिळाले.

दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा आणि इतर पाच जणांना मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने दोषी ठरवले. साईबाबांना जन्मठेप झाली. ते चाकाच्या खुर्चीवर होते. त्यांच्या बाबतीत सरकारची मंजुरी आली ती न्यायालयाने आरोप निश्चित केल्यानंतर! इतर पाच जणांच्या मंजुरीमागे जो तपासणीचा अहवाल होता तो त्रोटक, कारणे न देणारा. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मंजुरीतील या दोषावरून सर्वांना मोकळे केले. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने बसून तो निकाल स्थगित केला आणि एप्रिल २०२३ मध्ये रद्द करून प्रकरण फेरसुनावणीस पाठवले. ५ मार्च २०२४ रोजी नागपूर खंडपीठाच्या दुसऱ्या न्यायाधीशांनी पुन्हा सर्वांना निर्दोष ठरवले. या वेळी मंजुरीबरोबर पुरावाही टिकला नाही. तोवर आरोपींपैकी एक आदिवासी तरुण २०२२ साली कैदेतच मरण पावला होता. साईबाबा बाहेर आले आणि १२ ऑक्टोबर २०२४ रोजी वारले.

वाचकहो, आपल्याला साईबाबांची मते पटोत वा न पटोत. त्या नस्तीवर वेळेत कोणी 'पुरावा कोणता, कारण काय' असा एक शेरा मारला असता, तर एवढी वर्षे गेली असती का, एवढेच आम्ही विचारतो.

पुढे २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फुलेश्वर गोप खटल्यात सांगितले की सात आणि सात दिवसांची ही मुदत शोभेची नाही, ती पाळलीच पाहिजे. प्राधिकाऱ्याने आणि सरकारने स्वतंत्रपणे विचार करायचा आहे. त्याचबरोबर असेही सांगितले की मंजुरीबद्दल हरकत घ्यायची असेल तर ती लवकरात लवकर घ्या.

टाळाटाळीचा फटका दोघांना

कोणी म्हणेल, एवढे नियम पाळत बसले तर दहशतवादी सुटतील. आम्हाला उलटे दिसते. २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले होते. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, आरोप सिद्ध झाले नाहीत असे सांगून, त्या सर्वांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक तोवर मरण पावला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तीनच दिवसांत त्या न्यायालयाने, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे सांगितले. मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात बोलावले नाही. एकोणीस वर्षे गेली. आत असलेल्यांची तारुण्ये गेली, आणि ज्या आईचा मुलगा त्या डब्यात गेला तिला अजूनही गुन्हेगार कोण हे कोणी सांगितलेले नाही. ढिसाळ तपास आणि न वाचलेली नस्ती ही पीडितांचीही फसवणूक असते.

सरकारनेच राज्यसभेत फेब्रुवारी २०२१ मध्ये दिलेले आकडे पाहा. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत यूएपीएखाली ५,९२२ जणांना अटक झाली आणि १३२ जणांना शिक्षा. अटक झालेला आणि शिक्षा झालेला माणूस त्याच वर्षांतला असतोच असे नाही, खटले लांबतात, हे खरे. तरीही दोन आकड्यांमधले अंतर विचार करायला लावते. त्या अंतरात हजारो घरे आहेत आणि प्रत्येक घरात एक आई आहे.

बाबासाहेब आणि कलम २२

आता स्थानबद्धतेविषयी. रासुकाखाली खटलाच नसतो. पुढे काही करील या भीतीने माणसाला आत ठेवता येते, जास्तीत जास्त बारा महिने. अधिकार मिळालेले जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त आदेश काढतात. राज्य सरकारने बारा दिवसांत तो मान्य केला नाही तर तो गळून पडतो. कारणे साधारणपणे पाच दिवसांत त्या माणसाला द्यावी लागतात. तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे जाते आणि स्थानबद्धतेपासून सात आठवड्यांत मंडळ अहवाल देते. पुरेसे कारण नाही असे मंडळाने म्हटले तर सोडावेच लागते. मंडळापुढे वकील देण्याचा हक्क मात्र नाही.

या मुदती कोठून आल्या? संविधान सभेने जीवित आणि स्वातंत्र्याच्या कलमातून 'योग्य प्रक्रिया' ही कल्पना वगळली तेव्हा सभेत आणि बाहेर टीका झाली की संसदेला वाटेल तसे अटकेचे कायदे करायला मोकळे रान मिळाले. बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी नवे कलम मांडले. तेच आजचे कलम २२. अटकेचे कारण सांगा, वकील घेऊ द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. स्थानबद्धतेची गरज देशाच्या त्या वेळच्या परिस्थितीत पडू शकते हे त्यांनी नाकारले नाही, पण तिलाही मुदत आणि सल्लागार मंडळाचे कुंपण घातले. आधीच्या कलमात जे गेले त्याची ही भरपाई आहे, असा त्यांचा रोख होता.

आता पुढचे ऐका. आणीबाणीचे चटके बसल्यावर संसदेने १९७८ साली ४४ वी घटनादुरुस्ती केली. तीत मंडळाच्या मताशिवाय कोंडण्याची तीन महिन्यांची मर्यादा दोन महिन्यांवर आणली आणि मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने नेमावे असे ठरवले. पण हा भाग केव्हा लागू करायचा ते केंद्र सरकारने अधिसूचना काढून ठरवावे, असे तीत म्हटले होते. ती अधिसूचना अजून निघालेली नाही. १९८१ साली ए. के. रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला, पण अधिसूचना काढाच असा हुकूम न्यायालयाने दिला नाही. सरकारे आली आणि गेली, सगळ्या पक्षांची. संसदेने केलेली घटनादुरुस्ती एका सहीसाठी पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ पडून आहे! माणसाला आत टाकायची सही लवकर होते, त्याला संरक्षण देणारी सही मात्र होत नाही.

घरच्यांनी काय करावे

या पानावर आम्ही नेहमी म्हणतो की रडण्याआधी कागद जपा. अशी वेळ कोणावर येऊ नये. आली तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

अटकेची कारणे लेखी मागावीत. १५ मे २०२४ च्या पुरकायस्थ निकालात सर्वोच्च न्यायालयाने, यूएपीएखालच्या अटकेतही ती लेखीच द्यावी लागतात, असे सांगितले आहे. अटकेची तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवावी, कारण पुढची सगळी मोजदाद तिथून चालते. नव्वदावा आणि एकशे ऐंशीवा दिवस वकिलाला आठवण करून द्यावा. सुधा भारद्वाज यांना १ डिसेंबर २०२१ रोजी उच्च न्यायालयाने जामीन दिला तो याच मोजदादीवर. मुदत वाढवणाऱ्या न्यायालयाला तसा अधिकारच नव्हता, असे निघाले.

मंजुरीचा आदेश आला की त्याची प्रत वकिलाने मागावी. प्राधिकाऱ्याकडे पुरावा कधी गेला, शिफारस कधी आली, आदेश कधी निघाला, त्यात कारणे आहेत का, हे पाहावे आणि हरकत असेल तर सुरुवातीलाच घ्यावी. रासुकाचा आदेश असेल तर सरकारकडे लेखी निवेदन लगेच द्यावे आणि पोच घ्यावी. निवेदनावर विनाकारण उशीर केला म्हणून न्यायालयांनी असे आदेश अनेकदा रद्द केले आहेत.

आणि पैसे नाहीत म्हणून वकिलावाचून राहू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला, स्त्रियांना आणि कोठडीतल्या कोणालाही मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तिथे जाऊन अर्ज द्यावा.

पुन्हा नळावर

हे सारे आम्ही पुढच्या रविवारी मावशींना सांगितले. कलमे त्यांच्या किती ध्यानात राहिली, ठाऊक नाही. पण एक गोष्ट त्यांनी बरोबर धरली. म्हणाल्या, "म्हणजे सरकारनं फक्त म्हटलंय की खटला चालवा. अजून कोर्टानं काहीच म्हटलेलं नाही. आणि शिक्षा आम्ही आधीच देऊन बसलो."

आम्ही त्यांना उत्तर दिले नाही. देण्यासारखे नव्हतेच. ज्या समाजाने १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन माणूसपण मागितले, त्या समाजाच्या वस्तीत नळावर एका बाईची घागर एकटी पडावी? तिच्या मुलावर आरोप आहे. तिच्यावर तर तोही नाही.

सरकारने नस्ती वाचून सही करावी असे आपण म्हणतो. मग आपणही कात्रण नीट वाचून माणसाविषयी मत करावे. मुलगा दोषी ठरला तर कायदा त्याला शिक्षा देईल. निर्दोष ठरला तर त्याला परत येण्यासाठी एक गल्ली, एक घर, चार माणसे शिल्लक राहिली पाहिजेत. ती शिल्लक ठेवणे कोणत्याही गृह खात्याच्या हातात नाही, ते आपल्याच हातात आहे.

हा मजकूर छापायला देण्याआधी मावशी पुन्हा भेटल्या. त्या दोघी-तिघींना घेऊन त्या घरी जाऊन आल्या होत्या. जास्त काही बोलणे झाले नाही म्हणाल्या, चहा घेतला आणि बसलो. मुलाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मुलाच्या आईला कोर्टाची वाट ठाऊक नाही, म्हणून तिच्याबरोबर मावशी जाणार आहेत.

जयभीम.